बालवाडीच्या वर्गात खेळाचे कोपरे : मांडणीपासून आवराआवरीपर्यंत

पहिल्या वर्षी मी आठही कोपरे, म्हणजे ठोकळे, भातुकली, पुस्तकं अशा एकेका खेळासाठी वर्गात आखलेल्या जागा, एकाच दिवशी उघडले. सुट्टीतले दहा दिवस खपून लेबलं चिकटवली होती, मणी रंगवार लावले होते. मुलं आत आली आणि पाव तासात मणी वाळूत, वाळू पुस्तकांत आणि पुस्तकं ठोकळ्यांच्या घरांवर छपरं होऊन बसली. छपरांचं खरं तर कौतुक वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी तेवढं त्राण नव्हतं. संध्याकाळी घसा बसला. दिवसभर मी तीनच वाक्यं म्हणत होते : ‘पळू नका’, ‘ज्याचं त्या जागी ठेवा’, ‘एका वेळी चौघंच’.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की ही तीनही वाक्यं माझ्याऐवजी खोलीने म्हणायला हवी होती. दारापासून खिडकीपर्यंत मी सरळसोट मोकळी वाट ठेवली होती. अशी वाट दिसल्यावर चार वर्षांचं मूल पळणारच. कोणती वस्तू कुठे राहते हे फक्त मला माहीत होतं. आणि हलत्या-डुलत्या डोक्यांतून ‘चौघं झाली का’ हे मोजणं त्या वयाला सोपं नसतं. तेव्हापासून वर्ग लावताना मी एवढंच बघते, की कोणतं वाक्य माझ्या तोंडून काढून घेऊन फर्निचरला देता येईल.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी २४ मुलं, दोन मोठी माणसं आणि एक मध्यम आकाराची खोली धरली आहे.

आधी रिकामी खोली

चौकटीचा कागद घ्या आणि जे हलणार नाही ते आधी त्यावर काढा : दार, खिडक्या, नळ, प्लग पॉइंट, फळा. मग दारात गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून खोलीचे चार फोटो काढा. आपल्याला दिसणारा वर्ग आणि मुलांना दिसणारा वर्ग यांत किती फरक आहे ते तिथेच कळतं. आपण हौसेने लावलेले तक्ते त्यांच्या डोक्यावरून जातात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर येतात ते टेबलांचे पाय.

कपाटांचे, टेबलांचे कागदी तुकडे त्याच मापात कापून नकाशावर सरकवून बघा. खरं कपाट ओढण्यापूर्वी कागदाचं कपाट दहा वेळा ओढलेलं बरं.

आता नकाशावर दोन रेघा मारा. एका रेघेने ओलं आणि कोरडं वेगळं करा, दुसरीने आवाजाचं आणि शांत. चार भाग पडतात. पाणी-वाळू ओल्या आणि गडबडीच्या भागात, नळाजवळ, पुसता येईल अशा फरशीवर. चित्रकला ओली पण बऱ्यापैकी शांत. पुस्तकं, कोडी आणि लेखन कोरड्या-शांत भागात, शक्य तितकी दारापासून लांब. ठोकळे आणि भातुकली कोरड्या पण गोंगाटाच्या भागात, आणि हे दोघं मात्र एकमेकांना खेटून हवेत. भातुकलीतल्या आईबाबांना कुठेतरी जायचं असतं, त्यांना बस लागते, आणि ती ठोकळ्यांत बांधून मिळते. मध्ये कोड्यांचं टेबल आलं तर ती बस कोड्यांवरून जाते.

वाटेचा प्रश्न असा सुटतो : सगळी कपाटं भिंतीला टेकवायची नाहीत. दोन-तीन बुटकी कपाटं भिंतीला काटकोनात, खोलीच्या आत शिरतील अशी उभी करा. वाट आपोआप वळणाची होते आणि पळणं बंद होतं. कपाटाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर पुरते. खाली बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि आपल्याला उभं राहिलं की सगळी डोकी दिसतात. बुड रुंद हवं आणि मुलांनी लोंबकळलं तरी कलंडणार नाही याची खात्री स्वतः लोंबकळून करून घ्या. भिंतीलगतची उंच कपाटं भिंतीत पक्की करून घ्यायचीच.

जागांचा हिशेब

२४ मुलं, सहा कोपरे, प्रत्येकी चौघं : हिशेब कागदावर जुळतो आणि वर्गात फसतो. सगळ्या जागा भरलेल्या असल्या की एकालाही उठून दुसरीकडे जाता येत नाही. सरकत्या चौकटींच्या कोड्यात एक घर रिकामं नसेल तर काहीच हलत नाही, तसं. मी मुलांच्या दीडपट जागा धरते, म्हणजे ३६. माझी वाटणी अशी : ठोकळे ६, कोडी आणि हाताची कामं ६, भातुकली ५, चित्रकला ५, पुस्तकं ४, पाणी-वाळू ४, लेखन ३, निरीक्षण ३.

हे आकडे पाटीवर लिहून उपयोग नाही, ते वस्तूंत दिसायला हवेत. पाण्यापाशी चार एप्रन टांगलेले असतात. पाचवा एप्रनच नाही, म्हणजे पाचवी जागा नाही, आणि एप्रनशी वाद घालता येत नाही. लेखनाच्या टेबलाला तीनच स्टुलं. जिथे अशी सोय नाही तिथे हुक लावा आणि प्रत्येक मुलाला नाव व फोटो असलेलं कार्ड द्या. मूल आपलं कार्ड हुकावर अडकवतं आणि खेळायला बसतं. रिकामा हुक तीन-चार वर्षांच्या मुलांना लांबूनही ओळखता येतो. शिवाय रोज स्वतःचं नाव शोधून अडकवताना ते अक्षरांतलं नाव ओळखू लागतं, हा वरचा फायदा.

ठोकळे

एकाच कोपऱ्यावर खर्च करण्याची ऐपत असेल तर तो या कोपऱ्यावर करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने जे साधे, बिनरंगी लाकडी ठोकळे घडवले, तेच प्रमाण आजही चालतं. मूळ ठोकळा ५½ × २¾ × १⅜ इंच, म्हणजे जवळजवळ १४ × ७ × ३.५ सेंटिमीटर. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. त्याचाच अर्धा, दुप्पट आणि चौपट. हे प्रमाण पाळलं तर कोणताही चांगला सुतार संच करून देतो, फक्त माप काटेकोर हवं आणि कडा घासून गोल केलेल्या हव्यात. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो ही गोष्ट मुलाला मग कुणी सांगावी लागत नाही, भिंत सपाट आली की त्याला ती कळते.

सहा मुलांना शंभर-सव्वाशे नग तरी हवेत. तीस ठोकळ्यांत सहा जण म्हणजे रोजची भांडणं, आणि दोष मुलांचा नसतो.

ठोकळे टोपलीत ओतून ठेवू नका. कपाटात लांबी दिसेल असे आडवे रचा, जड आणि लांब सगळ्यात खाली. प्रत्येक ठोकळ्याचा खऱ्या मापाचा आकार गडद कागदात कापून त्याच्या जागी फळीवर चिकटवा. कपाटासमोर हातभर अंतरावर जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा आणि रेघेच्या आत बांधकाम करायचं नाही असं ठरवा. नाहीतर नवा ठोकळा घ्यायला आलेला प्रत्येक जण कुणाचा तरी बुरूज पाडतो. खाली दाट, बारीक विणीची सतरंजी असावी, म्हणजे पडण्याचा आवाज कमी होतो. झुबकेदार गालिचा नको, त्यावर बुरूज उभेच राहत नाहीत.

मुलं ठोकळ्यांशी कशी खेळत जातात, याच्या पायऱ्या हॅरिएट जॉन्सन या अमेरिकी शिक्षिकेने १९३३ मध्ये लिहून ठेवल्या आहेत. आधी नुसते इकडून तिकडे नेणं, मग ओळी आणि चळती, मग पूल, मग कुंपण, मग दोन्ही बाजू सारख्या असलेल्या नक्षी, आणि शेवटी ‘हे आमचं बंदर’ म्हणून आधी नाव ठरवून बांधणं. हे ठाऊक असलं की महिनाभर ठोकळे नुसते वाहून नेणाऱ्या नव्या मुलाबद्दल आपण घाबरत नाही.

पुलाची पायरी जवळून बघण्यासारखी असते. साडेचार वर्षांची एक मुलगी दोन खांब उभे करून त्यांवर ठोकळा आडवा ठेवत होती. अंतर जास्त, ठोकळा मध्येच पडला. तिने तोच ठोकळा जास्त जपून ठेवला, पुन्हा पडला. मग उभा धरून पाहिला. मग दोन ठोकळे टोकाला टोक लावून हवेत धरले आणि सोडले, तेही पडले. माझा हात दुप्पट ठोकळ्याकडे गेलेला होता. तो मी मागे घेतला आणि पाठीशी धरून ठेवला. ती जरा वेळ नुसती बसली. मग एक खांब बोटाने थोडा आत ढकलला, ठोकळा ठेवला, राहिला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट दुसरा पूल सुरू केला. मी लांब ठोकळा दिला असता तरी पूल झालाच असता, पण खांब सरकवण्याची युक्ती तिची झाली नसती.

भातुकली

इथे सुरुवात घरापासून करा : बुटकी चूल, भांडी, बाहुल्या, पाळणा, आरसा, आणि भरपूर कापडं. शिवलेल्या पोशाखांपेक्षा मीटरभराची चौकोनी कापडं जास्त कामाची. तेच कापड पंख होतं, तंबू होतं, आजारी माणसाचं पांघरूण होतं.

संवाद हवा असेल तर वस्तू जोडीने ठेवा. एक खेळण्यातला फोन म्हणजे भांडण, दोन फोन म्हणजे गप्पा. १९७३ मध्ये क्विलिच आणि रिस्ली या संशोधकांनी मुलांना आधी एकट्याने खेळायची आणि मग मिळून खेळायची खेळणी दिली. पहिल्या प्रकारात मुलं एकमेकांसोबत खेळण्यात १६ टक्के वेळ होती, दुसऱ्या प्रकारात ७८ टक्के. मुलं तीच होती. ‘याला मिळून खेळताच येत नाही’ असा शेरा मारण्याआधी त्याच्यासमोर आपण काय ठेवलं होतं ते बघावं.

तीन-चार आठवड्यांनी घराशेजारी दुसरं काही उघडा : दवाखाना, पोस्ट ऑफिस, चपलांचं दुकान. घर मात्र काढू नका, काही मुलांना रोज तिथेच परतायचं असतं. चपलांचं दुकान माझं आवडतं. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायचं, पट्टीने मोजायचं, जोड्या लावायच्या, आकडे टाकून बिल करायचं, आणि ‘हे बोटाला लागतंय’ अशी तक्रारही करायची. पण दुकान आयतं सजवून देऊ नका. रिकामी खोकी, कागद आणि चिकटपट्टी द्या आणि पाटी काय लिहायची ते त्यांना ठरवू द्या. मी एकदा फार सुंदर दवाखाना करून दिला होता. मुलांनी दोन दिवस तो पाहिला आणि तिसऱ्या दिवशी टेबलाखाली स्वतःचा वेगळा दवाखाना काढला.

बाकीचे कोपरे, थोडक्यात

पाणी-वाळूत एका वेळी एकच कल्पना ठेवा. कधी नुसती नरसाळी आणि नळ्या, कधी सारखंच पाणी मावणारी पण वेगळ्या आकाराची भांडी. उंच भांड्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतल्यावर ‘कमी झालं’ असं मुलं ठामपणे सांगतात. लगेच दुरुस्त करू नका, परत ओतू द्या. पाणी चार बोटांपेक्षा खोल नको, मोठ्या माणसाची नजर सतत हवी, आणि वेळ संपली की टब रिकामा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. वाळू किंचित ओलसर ठेवली तर धूळ उडत नाही. पुसायचं फडकं आणि छोटा झाडू मुलांच्या हाताला येईल असा तिथेच टांगा.

पुस्तकं मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडा, एका वेळी १२ ते १५ पुरतात. दोघांनी टेकून बसावं अशी एक उशी ठेवा. चित्रकलेत आधी दोनच रंग आणि पांढरा द्या, तिसरा रंग ती स्वतः तयार करतील. जाड ब्रश, उभा फळा, आणि चित्रं वाळत घालायला दोरी. कोड्यांसाठी प्रत्येक कोडं स्वतंत्र ट्रेमध्ये, कारण तुकडे हरवलेलं कोडं मुलांना कोड्यांपासून तोडतं. लेखनात वर्गातल्या सगळ्यांच्या नावांची कार्डं आणि पाकिटं ठेवलीत तर पत्रव्यवहार सुरू होतोच. निरीक्षणाचं टेबल प्रदर्शन होऊ देऊ नका. भिंग, तराजू आणि हाताळता येतील अशा वस्तू तिथे हव्यात.

बारीक वस्तू सगळीकडेच जपून. वर्गात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खेळणी तपासण्याच्या ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू धोक्याची मानतात. ती नळी नसेल तर टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाणारं सगळं बाजूला काढा. पुठ्ठ्याची नळी थोडी मोठी असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. बटण-सेल असलेली आणि छोटे ताकदवान चुंबक असलेली खेळणी कुठल्याच वयाला नकोत.

उघडायचे कसे

एकदम नाही, हे आता सांगायला नको. पहिल्या आठवड्यात चार कोपरे : कोडी, पुस्तकं, खडूंची चित्रं आणि निम्मे ठोकळे. भातुकली दुसऱ्या आठवड्यात. रंग आणि गोंद तिसऱ्या. पाणी सगळ्यात शेवटी. नवा कोपरा उघडताना सगळ्यांना गोलात बसवून पाच मिनिटं वस्तू कशी वापरायची ते करून दाखवा. गोंदाची बाटली हळू दाबायची, एक थेंब, टोपण. मग एखाद्या मुलाला करून दाखवायला सांगा. मुलांना मुलांचं पटतं.

वेळ सलग हवा, ४५ मिनिटं तरी, तास असेल तर उत्तम. दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून सगळ्या गटांना पुढच्या कोपऱ्यात सरकवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. ‘मी आई, तू कुत्रा, नाही, मी कुत्रा’ हे ठरण्यातच पंधरा मिनिटं जातात. घंटा वाजते तेव्हा खेळ सुरू व्हायचा असतो. ‘मग एकच मूल रोज ठोकळ्यांतच बसलं तर?’ असं मला सहकारी विचारतात. बसू दे. लेखन त्याच्याकडे न्या, ‘हे पाडू नये’ अशी पाटी करायला कागद-पेन त्याच्या शेजारी ठेवा.

अमेरिकेतल्या हायस्कोप या बालशिक्षण पद्धतीतली एक सवय मात्र मी उचलली आहे : आधी ठरव, मग कर, मग सांग. खेळाआधी पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाने कुठे जाणार आणि काय करणार ते सांगायचं, नंतर काय झालं ते. २४ जणांचं एका गोलात ऐकत बसलात तर शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पहिलं मूल आडवं झालेलं असतं.

ताईंनी काय करायचं

पहिली दहा मिनिटं काही नाही. उभं राहून बघायचं. मग गरज असेल तिथे खेळातूनच शिरायचं. दवाखान्यात खेळ अडला असेल तर ‘डॉक्टर, माझा गुडघा दुखतोय, किती वेळ थांबू?’ एवढं पुरतं. खेळ सुरू झाला की ‘बरं वाटलं’ असं म्हणून निघून यायचं. ‘हा कुठला रंग? हे किती?’ असे प्रश्न खेळ थांबवतात, कारण मुलाला ठाऊक असतं की ते तुम्हालाही ठाऊक आहे. ‘याचं मला सांग ना’ किंवा ‘हे पडत कसं नाही?’ हे जास्त चालतं.

जे मूल नुसतं बघत उभं असतं त्याला ओढून बसवू नका. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले त्यांत इतरांचा खेळ बघणं हाही एक प्रकार होता, आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हाही. तीन वर्षांच्या मुलांत ते नेहमीचंच आहे.

रोज चारच मुलांच्या नोंदी करा, आठवड्याला वर्ग पुरा होतो. नोंदीत विशेषणं नकोत. ‘छान खेळली’ यातून सहा महिन्यांनी काही कळत नाही. ‘खांब आत सरकवून पूल जोडला, पाचव्या प्रयत्नात’ यातून कळतं. ठोकळ्यांपाशी पालकांसाठी लावलेल्या कार्डावरही मी अशाच खऱ्या नोंदी नाव न घालता डकवते. ‘नुसती खेळतात’ ही तक्रार त्यानंतर फारशी ऐकू आलेली नाही.

आवराआवरी आणि पडून राहिलेले कोपरे

संपायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात सांगा. मग रोजचं ठरलेलं एक गाणं. ठोकळे आवरायला सगळ्यांत वेळ लागतो, तिथे इतर कोपऱ्यांतल्या मुलांनी हात लावायचा. अपुऱ्या बांधकामावर ‘ठेवा’ असं कार्ड लावायची मुभा असली की निम्मी रडारड टळते. प्रत्येक डब्यावर वस्तूचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत नाव हवं. लेबलं नीट जमली आहेत का हे बघायचं असेल तर वर्गात कधी न आलेल्या कुणाला तरी पाच वस्तू जागेवर ठेवायला सांगा. ज्या डब्यापाशी तो अडतो, त्याचं लेबल बदला.

एखाद्या कोपऱ्यात आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर सगळा कोपरा उचलू नका, एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा. माझा पुस्तकांचा कोपरा ओस पडला होता. पुस्तकं बदलली, उशा बदलल्या, काही नाही. मग लक्षात आलं की तो दाराच्या तोंडाशी आहे आणि बसलेल्या मुलाच्या पाठीमागून सारखी ये-जा चालते. कपाट फक्त फिरवलं, पाठ दाराकडे केली. दुपारी तिथे तिघं होती.

खोली अगदीच लहान असेल तर कोपरे पेट्यांत ठेवा : एक पेटी, एक घडीची चटई. चटई पसरली की कोपरा उघडला, घडी केली की मिटला. फक्त ठोकळ्यांना कायमची जागा द्या.

शुक्रवारी क्लिपबोर्डच्या पाठकोऱ्या कागदावर मी आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य लिहिते. गेल्या खेपेला ते होतं ‘टोपण लावा’. म्हणून एका लाकडी ठोकळ्याला मार्करच्या टोपणांएवढी भोकं पाडून घेतली आणि टोपणं उघडी बाजू वर येईल अशी त्यांत पक्की चिकटवून टाकली. आता मार्कर जागेवर ठेवायचा तर तो टोपणातच खोचावा लागतो.